आवाजभाऊंचं ‘लेट गो’

बिजागऱ्या बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत, एका सोमवारी सकाळी, तक्रार विभागाच्या प्रमुखांना मनुष्यबळ विभागाने भेटायला बोलावलं. तक्रार विभागात प्रमुख सोडून दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे एका माणसाला बोलावलं की अख्खा विभाग हजर होत असे.

या प्रमुखांना सगळे आवाजभाऊ म्हणत. दार करकरतंय असा ग्राहकाचा फोन आला की ते म्हणत, "फोन दाराजवळ धरा आणि दार हलवा." मग डोळे मिटून, मान तिरकी करून, गाणं ऐकावं तसं ऐकत. दार गाऊन झालं की डोळे उघडून म्हणत, "तेल घाला." नोकरीच्या सबंध कारकिर्दीत त्यांनी याखेरीज दुसरा सल्ला कुणाला दिला नव्हता, आणि तो चुकल्याचंही कुणी कळवलं नव्हतं.

मात्र अलीकडेच कंपनीने फोनवर बोलणारं एक यंत्र बसवलं होतं. ते अत्यंत प्रेमळ बाईच्या आवाजात म्हणे, "आपलं दार आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. तेल घालायचं असल्यास एक दाबा. तेल घातलेलं असल्यास दोन दाबा आणि पुन्हा घाला." यंत्र जेवायला उठत नव्हतं, आजारी पडत नव्हतं, आणि दार ऐकण्यात वेळ घालवत नव्हतं. तेव्हा आवाजभाऊंना कामावरून काढायचं ठरलं. इथवर सगळं सरळ होतं. घोडं अडलं ते भाषेवर.

कंपनीत ‘संवेदनशील भाषा धोरण’ लागू होतं. एका सल्लागाराने सखोल अभ्यास करून असा निष्कर्ष काढला होता की नोकरी जाण्याने माणसाला फारसा त्रास होत नाही, त्रास होतो तो शब्दांनी. त्यामुळे ‘काढणे’, ‘कमी करणे’, ‘घरी बसवणे’ आणि ‘घरचा रस्ता दाखवणे’ या क्रियापदांवर कार्यालयात बंदी होती. ‘नारळ देणे’ यावर तर वेगळं परिपत्रक होतं, कारण त्यात फळाचाही अवमान होतो. त्याऐवजी वापरायला एकच इंग्रजी क्रियापद मंजूर झालं होतं: ‘लेट गो करणे’. धोरणानुसार त्याचं भाषांतर करणं हा शिस्तभंग होता.

मनुष्यबळ विभागाच्या मॅडम मुळात प्रेमळ होत्या. त्यांनी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला, कागदी रुमालांचा डबा ठेवला, आणि चेहरा धोरणाप्रमाणे केला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "कंपनीला तुमच्या योगदानाची फार कदर आहे. म्हणूनच, खूप विचार करून, मॅनेजमेंटने ठरवलंय की तुम्हाला लेट गो करायचं."

आवाजभाऊ ताठ बसले.

"मला?"

"हो."

"एकट्यालाच?"

"सध्या तरी एकट्यालाच."

भाऊंचे डोळे भरून आले. मॅडमनी रुमालांचा डबा पुढे सरकवला.

"कधीपासून?"

"आजपासूनच."

"आजच? अहो, घरी काही सांगितलेलं नाही."

"घरी सांगणं जड जाईल, याची आम्हाला जाणीव आहे."

"जड कसलं, मॅडम! हवेत जाईल बायको!" भाऊंनी नाक पुसलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघितलं. मी तुमचा आभारी आहे."

मॅडमनी संगणकावर नोंद केली: ‘कर्मचाऱ्याने निर्णय आनंदाने स्वीकारला.’ अशी नोंद त्यांच्या कारकिर्दीत आजवर झाली नव्हती. धोरण यशस्वी होत असल्याचं पाहून त्यांना समाधान वाटलं.

झालं होतं असं. आवाजभाऊंना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण ‘लेट’ या शब्दाचा त्यांना एकच अर्थ ठाऊक होता. बस लेट येते, पाणी लेट येतं, कधीकधी माणूस लेट येतो. तेव्हा ‘लेट गो’ म्हणजे लेट जा. आणि त्या कंपनीत लेट जाणं ही काही साधी गोष्ट नव्हती. पाच वाजले की दिवे बंद व्हायचे आणि सगळ्यांना बाहेर पिटाळलं जायचं. पाचनंतर फक्त मोठे साहेब बसत. त्यांच्या केबिनच्या काचेतून येणारा तो पिवळा उजेड भाऊ फाटकातून बाहेर पडताना रोज वळून बघत. आज तो मान त्यांना मिळाला होता.

संध्याकाळी मोठे साहेब बाहेर पडले तर आवाजभाऊ टेबलाशी बसलेले.

"अरे, तुम्ही अजून इथे?"

"लेट गो केलंय ना सर मला."

साहेबांना आठवलं. माणूस बिचारा टेबल आवरतोय, असं त्यांना वाटलं. त्यांचं मन द्रवलं.

"टेक युअर टाइम," ते म्हणाले.

भाऊंनी तो हुकूम मानून चांगला तासभर वेळ आणखी घेतला.

घरी बायको दार उघडून उभीच होती. ती एका दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची, त्यामुळे घरातही पुढच्याला आत बोलावल्यासारखी बोले.

"काय हो! इतका उशीर! कुठे होतात?"

"जरा हळू बोल. मला लेट गो केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आता मी साहेबांच्या बरोबरीने बसणार. सगळ्या कंपनीत मी एकटा."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत नवरा एवढा उजळलेला तिने पाहिला नव्हता. तरीही तिने खात्रीसाठी आपल्या भावाला फोन लावला. हा मेहुणा एका मोठ्या परदेशी कंपनीत होता आणि झोपेतही इंग्रजीत बडबडतो अशी नातेवाइकांत ख्याती होती.

"ताई, हे फ्रेझल व्हर्ब आहे," मेहुणा म्हणाला. "यात दोन साधे शब्द एकत्र येतात आणि दोघांचाही मूळ अर्थ नाहीसा होतो."

"लग्नासारखं," बायको म्हणाली.

"तसंच. त्यामुळे नुसतं ‘उशिरा जा’ एवढा वरवरचा अर्थ घेऊ नका. दाजींवर कंपनीचा इतका विश्वास बसलाय की त्यांना आता वेळेचं बंधनच उरलेलं नाही, असा तो खोल अर्थ आहे. मी त्या वातावरणात वावरतो ना, मला कळतं."

मेहुण्याला अर्थ माहीत नव्हता. पण ‘माहीत नाही’ हे दोन शब्द तो कधीच एकत्र येऊ देत नसे.

दुसऱ्या दिवशी भाऊंचं कार्ड फाटकावर चालेना. पहारेकऱ्याने ते पुसलं, उलटं केलं, शेवटी ओळखीचा माणूस म्हणून हाताने फाटक उघडून दिलं. भाऊ तडक मॅडमकडे गेले.

"मॅडम, माझं कार्ड बंद पडलंय."

मॅडम दचकल्या. "भाऊ, तुम्ही इथे? कार्ड बंदच असणार ना. तुम्हाला लेट गो केलंय!"

"हां हां, बरोबर!" भाऊंनी कपाळावर हात मारला. "वेळ बदलली म्हणजे कार्डही नवं लागणार. करा सावकाश, घाई नाही."

मॅडमनी तोंड उघडलं. जिभेवर आलेलं पहिलं क्रियापद बंदीतलं होतं. दुसरंही बंदीतलंच होतं. तिसरा शब्द क्रियापद नव्हता, आणि तो कुठल्याच धोरणात बसला नसता.

"भाऊ, तुम्हाला समजलंय ना, लेट गो म्हणजे काय ते?"

"अगदी पूर्ण. मेहुण्यालाही विचारलं."

पुढच्या दिवशी भाऊंचा संगणक उघडेना. त्यांना वाटलं, मोठ्या पदाला मोठा संगणक येणार. मग त्यांची खुर्ची नेली. त्यांना वाटलं, लेट बसायचं तर पाठीला आधार असलेली खुर्ची येणार, आणि ते तोवर स्टुलावर बसले. मग त्यांचं टेबल उचलून साहेबांच्या केबिनबाहेरच्या बोळात टाकण्यात आलं. त्या संध्याकाळी भाऊंनी बायकोला सांगितलं, "साहेबांच्या दारात बसवलंय मला. आता फक्त भिंत मध्ये आहे."

माणसाला जितकं बाहेर ढकलावं तितका तो आतआत सरकत होता. पगाराचा दिवस अजून लांब होता, त्यामुळे त्या बाजूनेही उलगडा व्हायची सोय नव्हती.

त्या बोळात एक जुना फोन होता. यंत्राला कंटाळलेले ग्राहक संध्याकाळी घरी आल्यावर चिडून सगळी बटणं एकदम दाबत, आणि मग त्यांचा फोन कसा कोण जाणे या बोळात वाजे. स्टुलावर बसलेले भाऊ तो उचलत.

"फोन दाराजवळ धरा आणि दार हलवा."

"तुम्ही खरे माणूस आहात?" पलीकडून अविश्वासाने विचारणा होई.

"हो. लेट गो केलंय मला. म्हणून या वेळेला आहे."

काही दिवसांतच मुख्य कार्यालयाकडे कौतुकाचे फोन जाऊ लागले. मुख्य कार्यालय परगावी होतं आणि फक्त पडद्यावर दिसे. त्याने निष्कर्ष काढला की यंत्र उत्तम चाललंय, आणि मोठ्या साहेबांना शाबासकी दिली. साहेबांनी चौकशी केली तेव्हा त्यांना कळलं की काढलेला माणूस पूर्वीपेक्षा दुप्पट काम करतोय आणि आनंदात आहे. साहेब विचारात पडले. न काढलेल्या माणसांबद्दल त्यांचा असा अनुभव नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "त्यांना काही सांगू नका. उगाच त्यांच्या भावना दुखावतील."

पण बाकीच्यांच्या भावना दुखावल्याच होत्या. आधी लेखापाल आले. आले म्हणजे मॅडमच्या केबिनमध्ये घुसलेच.

"त्या आवाजभाऊंना लेट गो करता आणि मला नाही? माझ्यात काय कमी आहे?"

"अहो, तुमची आम्हाला गरज आहे," मॅडम कळवळून म्हणाल्या.

"गरज! गरजेपुरतंच वापरायचं माणसाला! मानाची वेळ आली की आवाजभाऊ!"

त्यांच्यामागून खरेदीवाले आले, मग रंगकाम विभाग आला, मग पॅकिंगच्या बायका एकजुटीने आल्या. पॅकिंगच्या बायकांचं म्हणणं होतं की पुरुषांनाच लेट गो करणं हा सरळसरळ अन्याय आहे. मॅडमनी घाबरून सुचवलं की इंग्रजी वाक्प्रयोगांवर एक कार्यशाळा घ्यावी. अर्थ आपोआप पोहोचेल आणि धोरणही मोडणार नाही.

त्याप्रमाणे एक भाषातज्ज्ञ आणण्यात आले. ते सुटात होते आणि फळ्यावर फार सुंदर बाण काढत. त्यांनी ‘गिव्ह अप’ शिकवलं, ‘पुट ऑफ’ शिकवलं, ‘ब्रेक डाउन’ शिकवताना स्वतः खाली बसून दाखवलं. प्रत्येक वाक्यानंतर ते "आर यू गेटिंग इट?" असं विचारत आणि सभागृह एकमुखाने "येस" म्हणे. शेवटी भाऊ उभे राहिले.

"सर, तेवढं लेट गो सांगा की. सगळ्यांनाच उत्सुकता आहे."

तज्ज्ञांनी खडू उचलला. मोठे साहेब खोकले. मॅडमनी धोरण आठवून जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तज्ज्ञांचं मानधन अजून मिळायचं होतं. त्यांनी खडू खाली ठेवला.

"ते," ते गंभीरपणे म्हणाले, "अनुभवातूनच कळतं."

सभागृहात आदराची शांतता पसरली. त्याच संध्याकाळी सगळ्यांनी ठरवलं की हा अनुभव घ्यायचाच.

इकडे मुख्य कार्यालयाने मॅडमना एक उद्दिष्ट दिलेलं होतं: या तिमाहीत दहातला एक माणूस लेट गो करायचा. मॅडम ते आठवून रोज घरी जाऊन रडत. आता दाराशी रांग लागली होती. कुणी म्हणे मला आधी, कुणी म्हणे माझी सेवा जास्त. लेखापालांनी तर मोठ्या साहेबांच्या नातेवाइकाकडून वशिला लावला. मॅडमनी एकेकाला बसवलं, पाणी दिलं, वाक्य म्हटलं, आणि एकेकजण त्यांचे हात हातात घेऊन "उपकार झाले" म्हणत बाहेर पडला. रुमालांचा डबा कुणी उघडलासुद्धा नाही.

आठवड्याच्या शेवटी दहातले दहा लेट गो झाले होते. सगळी कंपनी संध्याकाळीही गजबजलेली असे. कुणाचंच कार्ड चालत नव्हतं, म्हणून पहारेकऱ्याने फाटक सताड उघडं टाकलं होतं. खुर्च्या गेल्याने सगळे उभ्याने काम करत होते आणि त्यामुळे बिजागऱ्या जास्त निघत होत्या. असं उत्पादन मोठ्या साहेबांनी कधी पाहिलं नव्हतं. ते केबिनमध्ये एकटेच हात चोळत बसत.

मग पडद्यावर मुख्य कार्यालय उगवलं. त्याने मॅडमचं मनापासून अभिनंदन केलं. एवढं उद्दिष्ट कोणत्याही शाखेने गाठलेलं नव्हतं. आणि ज्याअर्थी शाखेत आता एकही कर्मचारी उरलेला नाही, त्याअर्थी इमारत, साहेब आणि मनुष्यबळ विभाग ठेवण्याचंही प्रयोजन उरत नाही.

"सो," मुख्य कार्यालय हसून म्हणालं, "वुई आर लेटिंग यू गो टू."

पडदा काळा झाला. मोठे साहेब मागच्या दाराने थेट गाडीकडे गेले. मॅडम मात्र सभागृहात आल्या, कारण सगळ्यांना तिथे जमवलेलं होतं. त्यांचा चेहरा या वेळी कुठल्याच धोरणाप्रमाणे नव्हता.

"शाखा..." त्यांनी सुरुवात केली. पुढचा शब्द सापडेना. "वुई आर... त्यांनी... मलाही लेट गो केलंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पॅकिंगच्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. आवाजभाऊ गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"अभिनंदन, मॅडम! तुमच्यासारख्या बाईचा नंबर खरं तर माझ्या आधी लागायला हवा होता."

आणि मॅडमचा बांध फुटला.

"काढलंय हो, भाऊ! काढलंय! मला काढलंय, तुम्हाला काढलंय, यांना सगळ्यांना काढलंय! हाकललंय! नारळ दिलाय! लेट गो म्हणजे नोकरी गेली!"

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. मागच्या ओळींपर्यंत अर्थ पोहोचायला वेळ लागला, त्यामुळे त्या पुढून मागे विझत गेल्या.

आवाजभाऊ तसेच उभे होते. चेहऱ्यावरचं हसू उतरवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"त्या सोमवारपासून."

"मग मी रोज काय करत होतो इथे?"

"काम," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या. "चांगलं करत होतात."

"अहो, मग मराठीत सांगायचं ना. मला वाईट वाटलं असतं, पण समजलं तरी असतं. मी घरी पेढे... जाऊ दे." भाऊ लेखापालांकडे वळले. "तुम्ही तर शिकलेले. तुम्हालाही माहीत नव्हतं?"

लेखापालांनी चष्मा काढून पुसला.

"माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही एवढे खूश दिसत होतात की मला वाटलं, मलाच नीट माहीत नसेल."

"मलाही माहीत होतं," खरेदीवाले म्हणाले. "पण सगळे रांगेत उभे होते. आपण एकट्यानेच कसं विचारायचं?"

मग एकेकजण बोलू लागला आणि निष्पन्न असं झालं की सभागृहातल्या बहुतेक सगळ्यांना अर्थ माहीत होता. फक्त बाकीच्यांना त्याहून खोल अर्थ माहीत असावा, असा प्रत्येकाचा समज होता.

भाऊ घरी पोहोचले तेव्हा ऊन होतं.

"आज इतक्या लवकर?" बायकोने पुकारा केला.

"मला नोकरीवरून काढलंय," भाऊ म्हणाले. हे वाक्य म्हणायला किती सोपं आहे, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बायकोने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, "बसा. पाठ दुखत असेल, इतके दिवस स्टुलावर होतात."

मेहुणा सांत्वनाला आला. त्याने सोफ्यावर बसून फ्रेझल व्हर्बमध्ये संदर्भाला किती महत्त्व असतं हे समजावलं. मग विषय बदलायचा म्हणून म्हणाला, "आमच्याकडे मात्र भाषा कशी स्पष्ट! आता बघा, मला ते ‘फेज आउट’ करतायत. टप्प्याटप्प्याने वर नेणार बहुतेक." बायकोने आणि भाऊंनी एकमेकांकडे पाहिलं. हळूहळू मेहुण्याचा चेहरा पडला, आणि चहा तसाच टाकून तो फोन कानाला लावत जिना उतरला.

पुढे भाऊंना एका फर्निचरच्या दुकानात काम मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी मालकाला विचारलं, "काढायचं झालं तर मराठीत काढाल ना?" मालक म्हणाला, "अहो, आधी ठेवू तर द्या." भाऊ तिथे सुखात आहेत आणि पाच वाजता घरी जातात.

तुम्हाला या सगळ्याचं हसू आलं असेल. ‘लेट गो’चा अर्थ तुम्हाला शीर्षकापासूनच माहीत होता. लेखापालांनाही होता. पण परवाच्या मीटिंगमध्ये तुमचे साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ते नेमकं काय म्हणाले, ते जरा शेजारच्याला विचारून बघा. तो तुमच्याकडे बघून वाजवत होता.